पंचेचाळीस मुलं आणि सात होड्या

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात लेकीने गणिताचा पेपर घरी आणला. तो माझ्या हातात दिला आणि मी काही विचारायच्या आत बाल्कनीत जाऊन उभी राहिली. ती चौथीत होती. पेपर चांगला गेला की ती आधी गुण सांगते आणि मग पेपर दाखवते. या वेळी उलटं झालं, म्हणून मी कुकर बंद केला आणि पेपर घेऊन तिथेच ओट्याला टेकून बसले.

शेवटून दुसऱ्या प्रश्नावर लाल शाईचा मोठा भोपळा होता. प्रश्न असा होता : एका होडीत सहा मुले बसू शकतात. पंचेचाळीस मुलांना एकाच वेळी तलावाच्या पलीकडे न्यायचे आहे, तर किती होड्या लागतील?

लेकीने नीट भागाकार मांडला होता. साही सत्ते बेचाळीस, बाकी तीन. त्याच्याखाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘सात होड्यांत बेचाळीस मुले बसतील. तीन मुले राहतील. त्यांना अजून एक होडी लागेल. म्हणून आठ होड्या.’ सगळ्यावर तिरकी रेघ मारलेली होती आणि शेजारी बाईंनी लिहिलं होतं, ‘७ होड्या, बाकी ३.’

मी प्रश्न दोनदा वाचला. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. मग बाल्कनीत गेले. आम्ही मेहरूण तलावाजवळच्या वस्तीत राहतो. बाल्कनीतून तलाव दिसत नाही, पण तलावाकडे फिरायला निघालेली माणसं दिसतात. लेक कठड्यावर हनुवटी ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

“तुझं उत्तर बरोबर आहे,” मी म्हटलं.

“मॅडम चूक म्हणाल्या.”

“तू विचारलंस त्यांना?”

“हो. मी म्हटलं, मॅडम, तीन पोरं राहतात ना. त्या म्हणाल्या, राहू दे, बाकी लिहायची.”

तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं सांगितलं. मला राग आला तो तिथे. राहू दे. तीन पोरं काठावर राहू दे, बाकी लिही. हे वाक्य एका मोठ्या माणसाने नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं आणि पोरीने ते ऐकून घेतलं. मी पेपरची चौकोनी घडी केली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला प्रश्न वाचून दाखवला. तो दाणाबाजारात एका मारवाडी शेठजींच्या दुकानात माल रवाना करायचं काम बघतो. धान्याचे कट्टे किती, टेम्पो किती, कुठला टेम्पो पाचोऱ्याला आणि कुठला धुळ्याला, हे दिवसभर त्याच्या डोक्यात चालू असतं. त्याने बूट काढता काढताच उत्तर दिलं.

“आठ. का?”

“आठला शून्य दिलंय.”

त्याने पेपर बघितला, हसला आणि टीव्ही लावला. “दोन मार्क गेले. जाऊ दे ना.”

“जाऊ दे काय? तुमच्या दुकानात सात टेम्पो भरून वीस कट्टे उरले तर शेठजींना काय सांगता? बाकी वीस, रस्त्यावर ठेवलेत?”

“दुकान वेगळं, शाळा वेगळी.”

“कशी वेगळी ते सांगा.”

त्याने आवाज वाढवला, माझा नाही, टीव्हीचा. त्या संध्याकाळी आम्ही तिघं टीव्ही बघतच जेवलो.

सोमवारी मी दातांच्या दवाखान्यातून, म्हणजे जिथे मी पेशंटच्या वेळा लावायचं काम करते तिथून, अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मधल्या सुट्टीत शाळेत गेले. वर्गशिक्षिका मॅडम तरुण होत्या. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, लहान मुलगा सासूजवळ ठेवून यायच्या. शाळेने त्यांना दर वर्षी नव्याने नेमायचं अशा बोलीवर ठेवलं होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, कारण सगळ्या पालकांना सगळ्या शिक्षिकांबद्दल सगळं माहीत असतं.

मी पेपर त्यांच्यापुढे उघडला. त्यांनी बघितला आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं.

“मम्मी, ऐका ना,” त्या म्हणाल्या. आमच्या शाळेत पालकांना मम्मी आणि पप्पाच म्हणतात. “मलाही माहितीये आठ होड्या लागतील.”

मी तयारी करून गेले होते. सात होड्या कशा पुरत नाहीत हे समजावून सांगायची तयारी. ती सगळी तिथेच संपली.

“तुम्हाला माहितीये?”

“हो. पण पेपर बाहेरून छापून येतात. त्यांच्याबरोबर उत्तरसूची येते. मार्क ऑनलाइन भरायचे असतात. सूचीत जे असेल तेच बरोबर. मी आठला मार्क दिले असते तर वरून विचारलं असतं.”

“मग मुलीला तसं सांगायचं. तुझं बरोबर आहे, पण सूचीत चूक आहे.”

“असं वर्गात कसं सांगणार? अजून पाच जणांनी आठ लिहिलं होतं. सगळ्यांनी आईवडिलांना नेऊन दाखवलं असतं.”

“पाच जण?”

त्यांना आपण जास्त बोललो हे कळलं. त्यांनी पेपरची घडी करून माझ्या हातात परत दिली. “प्लीज वर जाऊ नका. मोठ्या बाई मलाच बोलतील.”

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला काही नीट करता येत नाही. एखादी बाई चुकीचं शिकवते कारण तिला येत नाही, हे मी समजू शकते. येत असूनही चुकीचं शिकवते आणि मुलाने बरोबर लिहिलं की त्यावर रेघ मारते, हे मला समजून घ्यायचं नव्हतं. तरी मी त्यांना शब्द दिला की त्यांचं नाव घेणार नाही. तो पाळला.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी वेळ दिला. चहा मागवला. केबिनमध्ये ढाली आणि करंडक काचेच्या कपाटात लावलेले होते. त्यांनी चष्मा लावून पेपर वाचला आणि हसून माझ्याकडे पाहिलं.

“ताई, यात पद्धत महत्त्वाची असते. भागाकार झाला, बाकी आली, की ती लिहायची. बाकीसहित भागाकार हाच तर धडा आहे.”

“बाई, तिने भागाकार केलाय. बाकी तीन काढलीय. हे बघा. त्यानंतर प्रश्नात काय विचारलंय तेही वाचलंय. प्रश्न भागाकार करा असा नाही. किती होड्या लागतील असा आहे.”

“अहो, पण मुलं एवढा विचार करत नाहीत.”

“तिने केला.”

“तेच सांगतेय. ती जास्त विचार करते. परीक्षेत अशा मुलांचा वेळ जातो.”

मी शांत राहायचं ठरवून गेले होते. मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, आपण मोठी माणसं हे रोज कसं करतो ते. पन्नास मीटर फितीतून आठ-आठ मीटरच्या माळा करायच्या तर सहाच होतात, उरलेल्या दोन मीटरची माळ होत नाही, तिथे बाकी सोडायची. मुलांना होडीतून न्यायचं तर बाकी सोडता येत नाही, एक होडी वाढवायची. आणि ‘शेवटी किती उरले’ असं विचारलं तर बाकी हेच उत्तर. भागाकार तिन्हीकडे तसाच असतो, डोकं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं चालवावं लागतं. मुलांना हे शिकवायचं नसेल तर शाब्दिक उदाहरणं कशाला घालता, नुसते आकडे द्या.

त्यांनी सगळं ऐकलं. खरंच ऐकलं, मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुमच्या मुलीला किती कमी पडतात?”

मला कळेना. मग कळलं. शाळा शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी चौथीतल्या तीस मुलांची एक विशेष तुकडी निवडते. सहामाहीच्या गुणांवर ती ठरते. माझी लेक एका गुणाने बाहेर राहिली होती. यादी अजून लागायची होती.

“आपण तिचे दोन गुण वाढवू,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुम्ही इतकं म्हणताय तर. तुकडीत येईल ती. झालं?”

“आणि बाकीची पाच मुलं?”

“कुठली पाच?”

“ज्यांनी आठ लिहिलंय.”

त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. “ताई, सगळ्यांचं बदललं तर यादी बदलते. ती संस्थेकडे गेलीय. तुमच्या एकटीचं मी बघू शकते.”

“म्हणजे उत्तर बरोबर आहे म्हणून नाही. मी आले म्हणून.”

“तुम्ही शब्दात पकडताय.”

मी उठले. चहा तसाच राहिला. मी त्यांना म्हटलं, बरोबर असेल तर सहाही जणांना द्या, चूक असेल तर कोणालाच देऊ नका. माझ्या पोरीला मेहेरबानी नको.

चार दिवसांनी यादी लागली. तिच्यात माझ्या लेकीचं नाव नव्हतं.

मी तिला शाळेतून घ्यायला गेले तेव्हा ती गाडीवर मागे बसली. नेहमी ती माझ्या कमरेला हात घालून बसते. त्या दिवशी मागची दांडी धरून बसली. घरी आल्यावर म्हणाली, “मोठ्या बाई दोन मार्क देत होत्या. तू घेतले नाहीत.”

“कोणी सांगितलं?”

“बाबांनी.”

नवऱ्याला मी सांगितलं होतं. त्याने तिला सांगायला नको होतं, पण सांगितलं. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती मागे सरकली.

“माझे मार्क होते ना? मग तू का नाही म्हणालीस?”

मी तिला पाच मुलांचं सांगितलं. त्यातली एक तिची मैत्रीण होती, तीही तुकडीच्या बाहेर राहिली होती. तिने ऐकलं आणि विचारलं, “पुढच्या पेपरात काय लिहू? खरं उत्तर लिहू का मार्कांचं?”

मी काही बोलायच्या आत आतून नवऱ्याचा आवाज आला. “मार्कांचं.”

त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी जेवढी भांडले तेवढी लग्नानंतर कधी भांडले नव्हते. तो म्हणत होता, तू तिचं नुकसान केलंस. मी म्हणत होते, तुम्ही तिला खोटं लिहायला शिकवताय. तो म्हणाला, जगात असंच चालतं. मी म्हटलं, तुमच्या बाजारात तरी असं चालतं का? तिथे कोणी आठ टेम्पोचा माल सातात बसला असं लिहून देतं का? तो म्हणाला, तू सगळं टेम्पोवर नेतेस. मी म्हटलं, कारण तुम्हाला तेवढंच कळतं. हे मी बोलायला नको होतं. त्याने पांघरूण घेतलं आणि बाहेरच्या खोलीत गेला.

डिसेंबरात माझ्या धुळ्याच्या चुलत दिराचं लग्न होतं. मुलीकडचे सोनगीरचे, लग्न तिकडेच. माझे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, शेती माझ्या दिरांवर सोपवून धुळ्यातल्या घरी राहायला आलेत. वऱ्हाड त्यांच्याच घरून निघणार होतं. आदल्या दिवशी दुपारी पुढच्या खोलीत सगळे पुरुष बसले होते आणि गाड्यांचं ठरत होतं. मी चहाचे कप गोळा करत होते. लेक नानांच्या शेजारी बसली होती.

“माणसं बावन्न होताहेत,” नवरा म्हणाला. “क्रूझरमध्ये बारा बसतात.” आणि त्याने फोन लावला. क्रूझरवाल्याला म्हणाला, “पाच गाड्या पाठव.”

मी ट्रे खाली ठेवला.

“चार सांगा,” मी म्हटलं.

त्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. “काय?”

“बारा चोक अठ्ठेचाळीस. चार गाड्या, बाकी चार. बाकीचे चार इथेच राहू द्या. मार्क तर तेवढ्यालाच मिळतात.”

माझ्या चुलत सासऱ्यांना वाटलं, मला राहायला सांगताहेत म्हणून मी रुसले. ते म्हणाले, तुला कोण राहू देतं, तू पहिल्या गाडीत बस. नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने फोनवर पुन्हा पाच सांगितलं आणि फोन ठेवला.

नाना माझ्याकडे बघत होते, ही इतकी का चिडलीय म्हणून. “काय व्हयनं व सूनबाई? इतली कसाले चिडेल शे?”

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर. होड्या, पंचेचाळीस मुलं, लाल रेघ, दोन गुण, मोठ्या बाईंचा चहा. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग असला की रडू येत नाही, निदान मला येत नाही.

“मंग त्या तीन पोरं काय पोहत जातीन?” नानांनी विचारलं.

“नाना, पुस्तकात ते तसं नसतं,” नवरा म्हणाला.

“पुस्तकमा होडी बुडत नही का?”

सगळे हसले. नवराही हसला, मान खाली घालून. लेकीने मात्र नानांच्या हातातला हात सोडवून घेतला आणि आत निघून गेली. मी तिच्या मागे गेले. ती आतल्या खोलीत साड्यांच्या ढिगाजवळ उभी होती.

“तू सगळ्यांना सांगतेस,” ती म्हणाली. “आता सगळ्यांना माहीत झालं की माझा नंबर लागला नाही.”

मला वाटलं होतं, मी तिची बाजू मांडतेय. बाहेर नाना अजून कोणाला तरी होडीचं सांगत होते आणि लोक हसत होते. मी तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं हे सगळ्यांना कळावं म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर होतं तर शून्य कसं?” याचं उत्तर ज्यांनी शून्य दिलं त्यांनी द्यायला हवं होतं, आणि म्हणून मी पालकसभेची वाट बघत राहिले.

सभा जानेवारीत झाली. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या लावलेल्या होत्या, स्टेजवर मोठ्या बाई आणि संस्थेचे सचिव. सचिवांना सगळे भाऊ म्हणतात. नवरा माझ्याबरोबर येणार नव्हता. निघताना म्हणाला, मी सोडून येतो, आणि मग गाडी लावून आतच आला. माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, “फार ओरडू नको.”

मोठ्या बाईंनी सहामाहीचा निकाल पडद्यावर दाखवला. कुठल्या विषयात शाळा कशी पुढे गेली, त्याचे रंगीत खांब. गणिताचा खांब सगळ्यात उंच होता. मग त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? मी उभी राहिले. कोणीतरी माइक आणून दिला.

मी म्हटलं, “मला सगळ्या पालकांना एक विचारायचंय. एका होडीत सहा मुलं बसतात. पंचेचाळीस मुलांना एकाच वेळी न्यायचंय. किती होड्या?”

हॉलमधून उत्तर आलं. इथून, तिथून, मागून. आठ. आठ. आठ. काही लोक हसले, हे काय विचारताय म्हणून. मोठ्या बाईंनी सचिवांकडे पाहिलं.

“आपल्या शाळेत याचं उत्तर सात आहे,” मी म्हटलं. “ज्या मुलांनी आठ लिहिलं त्यांना शून्य मिळालं. त्यांच्यातली काही मुलं त्यामुळे तुकडीच्या बाहेर गेली. माझ्या एकटीचीच मुलगी नाही. अजून पाच जण आहेत, त्यांचे आईवडील इथे बसलेत. ज्यांच्या मुलांनी आठ लिहिलं होतं त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर आला नाही.

लेकीच्या त्या मैत्रिणीची आई माझ्यापुढच्या दुसऱ्या रांगेत होती. तिच्या मुलीचा पेपर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, आमच्याच घरी, आमच्याच ओट्यावर. फाटकापाशी ती मला म्हणाली होती, तुम्ही बोला हो, आमच्या मनातलंच आहे. आता ती मोबाइलमध्ये बघत होती. मी तिच्या मानेकडे बघत राहिले. तिला ते जाणवत असणार, कारण तिने पदर सारखा केला, पण मागे वळली नाही.

भाऊंनी माइक घेतला. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “ताई, तुमची कळकळ समजते. पण हा वैयक्तिक विषय आहे. इथे दोनशे पालकांचा वेळ आहे. आपण नंतर बसून बोलू.”

“वैयक्तिक नाही,” मी म्हटलं. “आत्ता सगळ्यांनी आठ म्हटलं.”

“बसा ताई.”

तेवढ्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. नवऱ्याने हात वर केला होता. कोपरापासून थोडासा, वर्गात उत्तर येत नसलेला मुलगा करतो तसा. त्याने नुसता हात वर धरला. लोक वळून बघायला लागले. मोठ्या बाई पुढच्या विषयावर गेल्या, सहलीच्या. त्याने हात तसाच धरून ठेवला होता, आणि मी बसल्यावर त्याने तो खाली घेतला.

सभा संपल्यावर जिन्यावर दोन बाप मला भेटले. एक म्हणाला, “तुमचं शंभर टक्के बरोबर होतं.” मी म्हटलं, “मग हात का नाही वर केला?” तो म्हणाला, “पोरगा अजून सहा वर्षं इथेच आहे ना. वाईटपणा कोण घेणार?” दुसऱ्याने मान डोलावली. ते इतक्या समजूतदारपणे बोलत होते की मला त्यांना जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं. हे मी खरं सांगतेय. उघड उघड खोटं बोलणाऱ्या माणसाचा मला तेवढा राग येत नाही. मनात आठ म्हणून हात मांडीवर ठेवणाऱ्यांचा येतो.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पेपरचा फोटो टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘उत्तर आठ आहे.’ थोड्या वेळाने शाळेने त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून टाकली. शेवटचा मेसेज माझाच राहिला. त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी सहलीला डबा काय आणायचा त्याची सूचना आली.

शाळेने काहीही दुरुस्त केलं नाही. मी पेपर छापणाऱ्यांना फोन केला. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, हजारो मुलांनी हा पेपर सोडवलाय, कोणाची तक्रार नाही. मी म्हटलं, माझी आहे. तो म्हणाला, नोंद घेतो. पुढे काही झालं नाही. मी पुन्हा फोन केला, दुसऱ्याच कोणीतरी उचलला, त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानेही नोंद घेतली.

घरी हळूहळू सगळं जागेवर आलं. लेक माझ्याशी बोलायला लागली, गाडीवर माझ्या कमरेला हात घालायला लागली. मी तिला रोज दोन शाब्दिक उदाहरणं घालायचे. चाळीस केळी, एका फणीत बारा, पूर्ण फण्या किती. तीस माणसं, एका टेबलावर चार, टेबलं किती. ती भरभर सोडवायची आणि प्रत्येक उदाहरणाला बरोबर ठिकाणी बाकी सोडायची, बरोबर ठिकाणी एक वाढवायची. तिला सगळं येत होतं. मला बरं वाटायचं.

वार्षिक परीक्षेत पुन्हा तसाच प्रश्न आला. या वेळी अंडी आणि ट्रे होते, सगळी अंडी ठेवायला किती ट्रे लागतील असा. निकालाच्या दिवशी तिने पेपर दाखवला. आधी गुण सांगितले, मग पेपर. पन्नासपैकी पन्नास. त्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, ‘९ ट्रे, बाकी ५.’ त्याच्यावर लाल शाईत बरोबरची खूण होती.

“तुला माहितीये ना दहा लागतात?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “पण मॅडमना नऊ पाहिजे होते.”

जूनमध्ये पाचवीच्या विशेष तुकडीची नवी यादी लागली, तिच्यात लेकीचं नाव आलं. नवऱ्याने पेढे आणले. नानांना फोन केला, नाना म्हणाले, मन्ही पोर हुशारच शे. शेजारच्या बाईंनी तिला पेन दिलं. सगळे आनंदात होते आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून विनाकारण पातेलं घासत होते. मला कोणावर ओरडावं ते कळत नव्हतं. तिच्यावर नाही. तिने एका शाळेत, एका वर्षात, जे शिकायचं ते नीट शिकून घेतलं होतं.

शाळेत चौथीच्या वर्गशिक्षिका नव्या आल्या होत्या. आधीच्या मॅडमना पुन्हा नेमलं नाही असं फाटकापाशी कळलं. का, ते कोणी सांगितलं नाही. मी त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला, मुलाचा रडण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, माझ्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, “माहीत नाही, मम्मी. मला काही सांगितलंच नाही.” मग म्हणाल्या, “मला वाटलं होतं, सूचीप्रमाणे केलं की काही होत नाही.” मला त्यांना काही तरी चांगलं बोलायचं होतं. पण जे सुचत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं.

विशेष तुकडीच्या पहिल्या दिवशी मी लेकीला सोडायला गेले. कोपऱ्यावर तिने माझ्या पाठीवर टिचकी मारली. “आई, इथेच थांबव. मी जाते चालत.”

“फाटकापर्यंत येते ना.”

“नको. तू आत येशील आणि कोणाशी तरी बोलशील.”

मी गाडी थांबवली. ती उतरली, दप्तर सावरलं आणि मागे न बघता गेली. तिचंही काही चुकलं नव्हतं. शाळेची घंटा झाली, मुलं आत गेली, शिपायाने फाटक लावून घेतलं. मी तिथेच गाडीवर बसून राहिले. दवाखान्यात पेशंट खोळंबले असणार हे माहीत होतं, पण मी गाडी सुरू केली नाही.